पदर खाली येईपर्यंत

भुकूमच्या आमच्या इमारतीत जगाचा अंत झाला तो एका मंगळवारी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर. मी गॅसवर चहा ठेवला होता. बाबांनी गॅलरीत उभं राहून शोफार फुंकला आणि वरच्या मजल्यावर धाडकन दार उघडलं. पाठोपाठ जिन्यावरून कुणीतरी अनवाणी धावत खाली येताना ऐकू आलं. मी दार उघडलं तर समोर वरच्या बाई. पांढरीशुभ्र साडी, ओले केस पाठीवर मोकळे, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी चहा विसरले.

"आले!" त्या म्हणाल्या. "ऐकलंत ना? आले!"

"कोण आलं?" मी विचारलं. दूधवाल्याखेरीज सकाळपासून कुणीच आलेलं नव्हतं.

तेवढ्यात चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यातले आमचे बाबा हातात मेंढ्याचं वाकडं शिंग घेऊन गॅलरीतून आत आले आणि म्हणाले, "माफ करा बाई, पहिलीच फुंक जरा फाटली." बाईंनी शिंगाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा तो आनंद असा सरसर उतरला की मला पाहवेना. त्या वळून वर निघून गेल्या. चहा उतू गेला होता.

इथे आमची ओळख करून द्यायला हवी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. आमचं नवं वर्ष गणपतीच्या आगेमागे येतं. त्याच्या आधीचा महिनाभर शोफार, म्हणजे हे शिंग, फुंकायचा, झोपलेल्या मनाला जाग आणायला. आणि शेवटी एके दिवशी सगळ्यात मोठा शोफार वाजेल. त्याआधी आमचा नबी येऊन वर्दी देईल, मग मशीहा येईल, पांगलेली माणसं यरुशलेमला गोळा होतील आणि मेलेले उठतील. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबांसाठी मात्र ते उद्याच्या वर्तमानपत्राइतकं पक्कं आहे.

बाई नगरकडच्या ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. उन्हाळ्यात त्या वरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, पण जिन्यात हसण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्यांच्याही धर्मात शेवटी कर्णा वाजतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कर्णा वाजला की प्रभू परत येणार, आधी कबरीतले उठणार आणि मग जिवंत माणसं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात बदलून वर उचलली जाणार. बाई त्याच्या तयारीत राहतात. रोज सकाळी अंघोळ झाली की इस्त्रीची पांढरी साडी. दाराला आतून कडी लावत नाहीत, ऐन वेळी कडी काढण्यात वेळ जायला नको म्हणून.

संध्याकाळी मी वाटीभर चिकू घेऊन माफी मागायला वर गेले. मी बावधनच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, चेहरे बघायची खोड आहे, आणि तो सकाळचा चेहरा दिवसभर डोळ्यांसमोरून हलत नव्हता. बाई चिडलेल्या होत्याच, पण आमच्यावर नाही.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "इतका फाटका आवाज देवदूताचा कसा असेल? मी गाण्याची बाई, मला कळायला हवं होतं. तुमच्या वडिलांना म्हणावं, फुंकायचंच तर नीट फुंका. माणसाला उगाच वर-खाली करायला लावू नका."

मी हसले आणि मग मला रडूच आलं. कारण नीट फुंकणं हेच तर आमच्या घरात त्या दिवसांत पणाला लागलं होतं.

शहरातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, नव्या वर्षाचा शोफार वर्षानुवर्षं बाबाच फुंकत आले. तुटक-तुटक सूर होतात आणि सगळ्यात शेवटी एक लांब फुंक, दम असेल तितकी लांब. गेल्या वर्षी ती मध्येच तुटली. आई गेल्यानंतरचं ते पहिलंच नवं वर्ष होतं. लोक चांगले, कुणी काही बोललं नाही. पण यंदा आमच्या मंडळींच्या प्रमुखांनी फोन केला, "आता वय झालं तुमचं, एखाद्या तरुणाला देऊ या." बाबा म्हणाले, "एकदा ऐकून जा, मग ठरवा." सणाच्या आधीच्या रविवारी प्रमुख येऊन ऐकणार असं ठरलं.

मी बाबांना समजवायला गेले होते. दुसऱ्यांनी फुंकला तर काय बिघडतं? तेव्हा बाबा म्हणाले, "तुझी आई झोपेला किती भारी होती, ठाऊक आहे ना? मोठा शोफार वाजेल तेव्हा बाकीचे उठतील आणि ही कूस बदलेल. तिला माझ्या फुंकेची सवय आहे. मी आहे तोवर दरवर्षी तिच्या कानावर ती पडत राहिली पाहिजे."

मी समजावणं तिथंच सोडलं.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांनी चिकू सोलून खाल्ला, हात धुतला आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुमच्या वडिलांना शिकवते मी."

पण शिकवायचं कुठं? आमच्या सोसायटीत गणपतीच्या ढोल-ताशांचा सराव पार्किंगमध्ये संध्याकाळभर चालतो, त्याला कुणाची ना नाही. एका शिंगाच्या आवाजाला मात्र सेक्रेटरींनी ताबडतोब हरकत घेतली. लहान मुलं दचकतात म्हणे. तेव्हा अण्णा धावून आले. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांचीच होती, ती विकून ते शेजारीच बंगल्यात राहतात. उरवड्याला त्यांची थोडी जमीन उरलीय, तिथं त्यांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात.

"आजोबा, तुमी उरवड्याला चला," ते म्हणाले. "तितं दिसभर मशिनी धडधडत्यात. तुमचं शिंग कुणाला ऐकू येतंय!"

हा शेवटचा मुद्दा बाबांना फारसा आवडला नाही, पण जागा मिळाली.

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे आठवडे. शाळा सुटली की मी गाडी काढायची, मागं बाबा आणि बाई, पुढं माझ्या शेजारी अण्णा. पिरंगुटच्या गर्दीत गाडी अडकली की मागं जगाचा शेवट सुरू व्हायचा.

"आमचा मशीहा अजून यायचाय," बाबा म्हणायचे.

"आमचा येऊन गेला, दादा. तुम्ही ओळखलं नाहीत."

"येऊन गेला असता तर पिरंगुटचा चौक असा राहिला असता का?"

बाई मोठ्यानं हसायच्या. मी मनात म्हणायचे, दोघांचा जो कुणी असेल तो, या रस्त्यानं आला तर आज काही पोचत नाही. अण्णा सगळं कान देऊन ऐकत असायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मंग आजोबा, तुमची मानसं पुन्यात पुरल्याली. ती तिकडं यरुशलेमला जानार कशी?"

बाबा खुशीत आले. आमच्याकडे एक जुनी समजूत आहे की परदेशात पुरलेल्यांना जमिनीखालून वाट मिळेल, त्या वाटेनं ती घरंगळत यरुशलेमला पोचतील.

"म्हंजी बोगदा!" अण्णा म्हणाले. "आन् बाई तुमची?"

"आम्ही वरून. ढगांतून."

"ह्ये खालनं, त्ये वरनं. रस्त्यानं कुनीच न्हाई जायाचं?" अण्णांनी समोरच्या खड्ड्यांकडे बघून मान डोलावली. "बराबर हाय. रस्त्याचं काम काय तवर व्हत न्हाई."

मी इतकी हसले की हिरवा दिवा लागलेला कळला नाही आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला. पण अण्णांचं कुतूहल थट्टेचं नव्हतं. उरवड्याला पोचल्यावर, बाबा बाजेवर टेकले तेव्हा, त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आजोबा, आमची तर जाळल्याली. माजी आई, माजा बा. राख इंद्रायनीत सोडली. त्येंचं काय व्हनार?"

बाबा आणि बाई एकमेकांकडे बघायला लागले. इतके दिवस एकमेकांचं एक अक्षर न मानणारी ती दोघं त्या वेळी एकदमच बोलली. बाबा म्हणाले, "ज्यानं मातीतून केलं त्याला राखेतून काय जड?" आणि बाई म्हणाल्या, "सापडतील त्याला." अण्णांनी दोन्ही उत्तरं ऐकून घेतली. "मंग बरं हाय," म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

शिकवणं म्हणजे काय, ते मी तिथं पाहिलं. बाईंनी बाबांना बाजेवर उताणं झोपवलं, पोटावर पितळी तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "श्वास घेताना तांब्या वर आला पाहिजे. छाती फुगवायची नाही, ते पहिलवानांचं काम." रात्रपाळीचे कामगार उठून दात घासत गॅलरीत उभे राहायचे आणि हा प्रकार बघायचे. एकानं मला विचारलं, "आंटी, दादाजी का ऑपरेशन है क्या?"

अण्णांच्या खोल्या दोन मजली आहेत आणि वर सरळ लांबलचक लोखंडी कठड्याची गॅलरी आहे. आमच्या सिनेगॉगमध्ये बायकांसाठी वर असते, अगदी तशी. बाबा खाली अंगणात उभे राहत, मी आणि बाई वर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. बाईंना लांबून ऐकायचं असे. आठवड्याभरात बाबांचा आवाज बदलला. फाटकेपणा गेला. भरदार, गोल, खालून वर चढत जाणारा सूर येऊ लागला, अंगावर काटा यायचा. पण शेवटची लांब फुंक दर वेळी तुटायचीच. आणि दर वेळी एकाच जागी.

"दम आहे त्यांच्याकडे," बाई मला म्हणाल्या. "तांब्या किती वेळ वर राहतो, मी बघते ना. दम संपून तुटत नाहीये ही फुंक." मग कठड्यावरून वाकून त्यांनी थेट विचारलं, "दादा, तुम्ही दर वेळी वर काय बघता?"

बाबा शिंग पुसत बसले. येताना पिरंगुटचा चौक नेमका मोकळा होता.

भुकूमला पोचल्यावर, गाडीतून उतरता उतरता, बाबांनी सांगितलं. आमच्याकडे नवं वर्ष म्हणजे आई वर गॅलरीत पुढच्या बाकावर. शेवटची फुंक सुरू झाली की ती पदराचं टोक तोंडाशी धरायची. बाबा फुंकता फुंकता वर बघायचे. तिला पुरेसं वाटलं की पदर खाली सोडायची. मग बाबा थांबायचे. कुणी थांबवलं नाही तर घेरी येईपर्यंत फुंकत राहतील असा त्यांचा स्वभाव, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं ही खूण ठरवली होती.

मी लहानपणापासून आईच्या शेजारी बसत आले. तो पदर मी दरवर्षी पाहिलाय. मला वाटायचं, आईला भरून येतं, म्हणून ती तोंडाला पदर लावते.

"गेल्या साली वर बघितलं," बाबा म्हणाले, "तर पदरच नव्हता. कधी थांबायचं ते कळेना. तर तिथंच थांबलो." आणि ते जिना चढायला लागले.

मी गाडीच्या दाराला धरून रडले, अगदी हुंदके देऊन. बाई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "रविवारी मी धरते पदर. मला साडीची सवय आहे, तुझी ओढणी खालून दिसायची नाही."

बाबा आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "खूण तेवढी नीट समजून घ्या." त्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून ती समजावून सांगितली, एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तशी. आयुष्यभर टेलिफोन खात्यात काम केलेला माणूस.

रविवारी प्रमुख शहरातून आले. उंच, शिस्तीचे, कमी बोलणारे. मी पहाटेपासून मलिदा करत होते. अण्णांच्याच भाताचे पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्या त्या वर्दी देणाऱ्या नबीच्या नावानं नवस बोलला की मलिदा करतात, आणि मी तो बोलले होते. बाई प्रसाद खात नाहीत; त्यांनी डब्यात डोकावून सावधपणे विचारलं, "हा कुणापुढे ठेवलेला आहे का?" मी म्हटलं, "कुणापुढे नाही, नबीची आठवण काढायची आणि खायचा." "तो नबी आमचाही आहे," त्या म्हणाल्या आणि डबा स्वतःच उचलून गाडीत नेला.

उरवड्याला अंगणात प्रमुखांसाठी खुर्ची मांडली होती. सुट्टी असल्यानं कामगार सगळे घरी, वरच्या गॅलरीत दाटीवाटीनं उभे. नुकती सर येऊन गेली होती. आम्ही दोघी वर कठड्याशी मधोमध उभ्या राहिलो. बाईंनी पांढऱ्या साडीचा पदर तोंडाशी धरला. बाबांनी एकदा वर बघून घेतलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

तुटक सूर स्वच्छ गेले. मग आली ती लांब फुंक. खालून उठली आणि वर यायला लागली. नेहमीच्या तुटायच्या जागी आली तेव्हा बाबांनी डोळे उघडून वर पाहिलं. पदर होता. फुंक पुढं गेली! मी कठडा घट्ट धरला. वाजवा बाबा, वाजवा! अण्णांनी तोंडातली बिडी काढून टाकली. प्रमुख खुर्चीत पुढं सरकले. सूर आणखी वर चढला, पत्र्यावर, भातावर, पलीकडच्या डोंगरावर गेला. आता पुरे, असं माझ्या मनात आलं. पण फुंक चाललीच होती. बाबांचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा फुगल्या. नजर वर खिळलेली.

मला समजेना, हे थांबत का नाहीत? मग मी शेजारी पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. पदर दोन्ही हातांनी तोंडाशी गच्च धरलेला. चेहऱ्यावर तोच, त्या मंगळवारचा आनंद. त्या उरवड्यात नव्हत्याच. आणि खाली आमचे बाबा त्या पदराकडे बघत फुंकत होते, फुंकत होते.

"बाई!" मी म्हटलं. ऐकू जाईल तर शपथ. मी त्यांचा दंड हलवला. शेवटी मी पदर धरला आणि ओढून खाली केला.

आवाज थांबला. कुठल्या तरी मशिनीची धडधड तेवढी उरली. बाईंनी डोळे उघडले, आधी आभाळाकडे पाहिलं, मग वाळत घातलेल्या कपड्यांकडे, मग माझ्याकडे. खाली बाबा मटकन बाजेवर बसले होते. वरच्या कामगारांनी अशा शिट्ट्या मारल्या, अशा टाळ्या वाजवल्या, की मी धावत जिना उतरताना दोन पायऱ्या चुकले.

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "शोफार तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. एवढंच. मग चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

अण्णा बाबांच्या मानेला पाणी लावत होते. "आजोबा, आज उठलं असतं बगा कुनी तरी," ते म्हणाले. "आमचं बी."

बाई शेवटी खाली आल्या. बाबांनी त्यांना बघितल्याबरोबर दम लागलेला असतानाच फैलावर घेतलं. "जीव घेणार होतात माझा! पदर का नाही सोडलात?"

"विसरले, दादा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आवाज इतका छान लागला होता. मला वाटलं, आणखी थोडा वेळ राहिला तर आता आभाळ उघडेलच."

बाबांना यावर रागावणं जमेना. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. शिंग मांडीवर ठेवलं. "मला वाटलं," ते थांबत थांबत म्हणाले, "तीच धरून उभी आहे. म्हटलं, हिला आज अजून ऐकायचंय, तर ऐकू दे."

मग मी सगळ्यांना मलिदा वाटला. कामगारांनी दोन-दोनदा घेतला.

सणाच्या दिवशी मी आईची साडी नेसले आणि वर गॅलरीत, पुढच्या बाकावर, तिच्या जागी बसले. बाई माझ्या शेजारी होत्या, पाहुण्या म्हणून. शेवटची फुंक सुरू झाली तसा मी पदर तोंडाशी धरला. बाबांनी वर पाहिलं. सूर चढायला लागला आणि माझ्या कानाशी येऊन बाई हळूच म्हणाल्या, "लवकर सोडू नकोस हं."